पाच हजार टोप्यांची पेटी

१

चौथी वीट शेल्बी क्वेडने फोडली. आतलं पहिलं खोकं उघडलं, आणि टोप्या घरंगळत टेबलभर पसरल्या. ओळीने खाचांत बसवलेल्या असायला हव्या होत्या, या सुट्या होत्या. शिवाय प्रत्येकीच्या कपाळावर पिनेचा खळगा. म्हणजे उडालेल्या, मेलेल्या, कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यातल्या.

तेरा माणसं टेबलाभोवती उभी होती आणि कॉफीच्या यंत्राची गुरगुर तेवढी ऐकू येत होती.

बेल फॉर्कच्या नेमबाजी क्लबात हे कुणाला समजवावं लागत नाही, पण तुम्हाला म्हणून सांगतो. गोळी झाडली की पुंगळी खाली पडते. ती उचलायची, घरी न्यायची, बुडातली जळकी टोपी, म्हणजे पिनेच्या ठोक्याने पेट घेणारी ती इवली कटोरी, काढून नवी बसवायची, दारू घालायची, वर शिसं दाबायचं, की झालं नवं काडतूस. मोंटानातल्या लांबलचक हिवाळ्यात निम्मं गाव तळघरात बसून हाच उद्योग करतं. पुंगळी दहा वेळा वापरता येते, शिसं घरी ओतता येतं. टोपी मात्र घरी होत नाही. मसुराएवढी वस्तू, पूर्वी हजाराला तीस डॉलर पडायचे आणि कुणी ढुंकून बघत नसे. गेल्या दोन वर्षांत तिचे एकशेवीस झाले, तेही मिळाली तर. मर्ल टोबिनच्या दुकानाबाहेर पहाटे सहापासून रांग लागायची आणि माणशी शंभराचं एकच खोकं हातात पडायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार.

म्हणून क्लबाने सगळ्यांची मिळून एक पेटी मागवली. पाच विटा, म्हणजे हजार-हजाराचे पाच गठ्ठे, पाच हजार लहान टोप्या. अकरा महिने वाट पाहिल्यावर डिसेंबरात ती आली, परदेशी बनावटीची. प्रत्येक टोपीभोवती निळ्या लाखेचं कडं. तसलं कडं तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. पेटी क्लबाच्या लोखंडी कपाटात ठेवली, आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वाटायची ठरली.

आणि आज चौथी वीट ही अशी. पाचवी फोडली, तीही तशीच. वरच्या तीन तेवढ्या खऱ्या.

अध्यक्ष क्लेटन रस्क खुर्चीवरून सावकाश उठला. उंच माणूस, चेहरा ताणलेला. "कपाटाची चावी कुणाकडे असते?" त्याने विचारलं.

"ऑर्विलकडे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

आता हे खरंही होतं आणि खोटंही. कागदोपत्री चावी ऑर्विल स्कारकडे असे. ऑर्विलचं वय ऐंशी, विसराळू. सहा वर्षांपूर्वी दोनदा चावी घरी राहिली, तेव्हापासून ती कॉफीच्या यंत्रामागे एका खिळ्याला लटकायची. सगळ्यांना ठाऊक होतं. लक्ष्यांचे कागद हवे असले की जो तो तिथे हात घालायचा. पण त्या घडीला खिळ्याचं नाव काढणं म्हणजे आपलाही हात तिथवर पोचतो असं कबूल करणं. जो तो आपापल्या कपात बघत बसला.

क्लबाची चिटणीस आर्डिस हॉग्लंडही कपात बघत बसली. गुरुवारीच तिने ती चावी घेतली होती. नंतर बोलू, जरा शांत झाल्यावर, असं तिने मनाशी म्हटलं.

ऑर्विलने एक फुटकी टोपी हातात घेतली, उलटी केली, खाली ठेवली. "चावी माझी," तो म्हणाला, "तेव्हा जबाबदारीही माझी." आणि कोट घालून बर्फात निघून गेला.

२

क्लेटनने एक फुटकी टोपी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली.

"ही मोठी टोपी आहे, लहान नाही. म्हणजे हा कचरा पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलाचा. क्लबात पंचेचाळीसवाले चौघं. दोघं थंडीचे ॲरिझोनात गेलेत. उरलो मी आणि ऑर्विल. माझं घर आत्ता तपासा. पण मला सांगा, मी लहान टोप्या घेऊन करू काय? माझ्या पुंगळ्यांना मोठी लागते, लहान बसतच नाही. आणि मोठ्यांचा माझ्याकडे दहा वर्षांचा साठा आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. टंचाई सुरू झाल्यापासून दर सभेत तो ऐकवायचा, "तहान लागल्यावर विहिरी खणणारे तुम्ही. मी माझी आधी खणून ठेवली."

"स्वतःला न चालणारी वस्तू माणूस चोरतो ती विकायला," क्लेटन पुढे म्हणाला. "मी नाव घेत नाही. पण कुणाच्या ट्रकला परवा चार नवे टायर बसले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय."

पुढच्या शनिवारी नेमबाजी झाल्यावर मतदान घ्यायचं ठरलं: ऑर्विल स्कारला क्लबातून काढायचं की नाही. पोलिसांच्या मदतनिसाला फोन केला, तर तो म्हणाला, बर्फात सात गाड्या अडकल्यात, तुमच्या टोप्यांचं उन्हाळ्यात बघू.

आर्डिसने खऱ्या तीन विटा उचलल्या, घरी नेल्या आणि नवऱ्याच्या जुन्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. तिने गावाचं टपाल कार्यालय एकतीस वर्षं चालवलं होतं. कुणाच्या घरी काय येतं, काय येत नाही, आणि कोण कशाची वाट बघतंय, हे माणसाच्या खांद्यांवरून ओळखायची तिला सवय. ऑर्विलचे खांदे चोराचे नव्हते, असं तिला वाटत होतं. पण टायर तर नवे होते. मनात एकदा शंकेचं पिल्लू शिरलं की ते काही गप्प बसत नाही.

बायको गेल्यापासून ऑर्विलला शनिवारखेरीज दुसरं काही नव्हतं. सकाळी सातला येऊन तो शेगडी पेटवायचा, दुपारी सगळ्यांच्या पुंगळ्या वेचून वेगळ्या करायचा. त्याला काढला, तर तो त्या घरात बसून काय करणार होता? आठ दिवस होते आर्डिसच्या हातात.

३

मर्ल टोबिन दुकानात पाठमोरा बसून मासेमारीचे गळ लावत होता. मागच्या फळ्या रिकाम्या. जिथे टोप्यांची खोकी असायची तिथे त्याने गरम मोजे मांडले होते.

"टोप्या आल्या का, हे विचारायला आली असशील तर तशीच परत जा," तो म्हणाला. "दिवसातून चाळीस वेळा तेच सांगतो. आता पाटी लावणार आहे."

"चोरीचं विचारायला आलेय. कुणी विकायला आणल्या होत्या?"

"माझ्याकडे? कुणी नाही. आणि आणल्या असत्या तर मला कळलं नसतं का? निळ्या कड्याची एक टोपी जरी या खोऱ्यात विकायला निघाली, तरी संध्याकाळपर्यंत चारजण मला येऊन सांगतील. लोक भुकेलेत गं, आर्डिस."

"मग चोरून करायचं काय?"

"वापरायच्या. दुसरं काय करतात?" मर्लने गळ खाली ठेवला. "हल्ली कुणाचा भरवसा नाही. ज्यांची तळघरं शिगोशीग भरलीत म्हणतात, तेसुद्धा टोपी कपाळावर ओढून माझ्या रांगेत उभे राहतात. भाच्यासाठी हव्यात म्हणे. मोठ्या."

"कोण?"

"दुकानदार आहे मी. गिऱ्हाइकाची नावं सांगत सुटलो तर मोजेसुद्धा खपायचे नाहीत."

शेल्बी क्वेड मात्र भेटताक्षणीच फणकारली. ती ट्रक कंपनीत फोनवर बसायची आणि राज्याच्या स्पर्धेची तयारी करत होती. नऊ एमएमचं पिस्तूल, म्हणजे लहान टोपी, म्हणजे चोरीचा माल तिलाच सगळ्यात उपयोगाचा.

"या, बघा, कपाटं उघडा," ती म्हणाली. "दोन हजार आहेत माझ्याकडे. चार तास गाडी मारून स्पोकेनहून आणल्या, निम्मा पगार गेला. एकीला तरी निळं कडं दिसतंय का बघा. आणि माझ्या फुटक्या टोप्या सगळ्या लहान. मोठ्या आणू कुठून?"

आर्डिसने खरंच खोकी उघडून बघितली. कडं नव्हतं.

"रागावू नकोस. सगळ्यांनाच विचारतेय."

"नाही हो, रागावत नाही." शेल्बी जरा निवळली. "पण या टंचाईने माणसं पार बिघडलीत. परवा मी सांडलेल्या चार पुंगळ्या वाकून उचलतेय, तर बाजूचा माणूस मला असा बघतोय की मी त्याच्याच चोरतेय. क्लेटनचंच घ्या. बावीस वर्षं तो पुंगळ्या तिथेच टाकून जायचा, ऑर्विलने वेचून घ्याव्यात म्हणून. हल्ली तोही ताडपत्री अंथरतो आणि शेवटची पुंगळी उचलेपर्यंत हलत नाही."

"पितळही महाग झालंय," आर्डिस म्हणाली.

"हो, तोही असंच म्हणाला."

४

ऑर्विलने तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ठेवली. तो वळला तशी आर्डिसने शेजारच्या टेबलावरचा पत्र्याचा डबा उघडून बघितला. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण बघितला. आत मोठ्या टोप्या होत्या. तिने भराभर मोजल्या, पावणेदोनशेच्या आसपास. वर कागदाची चिठ्ठी, ऑर्विलच्या थरथरत्या अक्षरात: महिन्याला वीस. सप्टेंबरपर्यंत पुरतील.

दोन हजार टोप्या विकून आलेला माणूस महिन्याला वीस मोजून झाडेल का? तिने झाकण लावलं. ऑर्विल कप घेऊन वळला तेव्हा त्याची नजर क्षणभर डब्यावर गेली, मग त्याने कप तिच्यापुढे ठेवला.

"टायर कुठून आले, ऑर्विल?"

"तूही विचारतेस का?" तो बसला. "इंगाचं शिवणयंत्र विकलं. तो गोधड्या शिवायचा मोठा सांगाडा. बोझमनच्या बाईने चांगली किंमत दिली. गुळगुळीत चाकांवर या बर्फात इंगाच्या थडग्यापर्यंत जाता येत नव्हतं."

आतल्या खोलीच्या उघड्या दारातून आर्डिसला भिंतीलगतची लांब रिकामी जागा दिसली. गालिच्यावर चार पायांचे खळगे तसेच होते.

"सभेत सांगायचं होतंत."

"माझ्या बायकोचं यंत्र मी काय म्हणून विकलं, हे त्या तेरा जणांसमोर सांगू?"

"निदान खिळ्याचं तरी."

"खिळ्याचं मी काय सांगायचं?" ऑर्विल म्हणाला. "तो तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

आर्डिसने कॉफी संपवली.

तो तिला गॅरेजमधून सोडायला आला. भिंतीवर त्याची हत्यारं टांगलेली आणि शेजारी पाटी, कोणी काय नेलं त्याची. खडूने लिहिलेलं: शिडी, टोबिन. साखळी करवत, पास्टर. पंप, क्ले., एप्रिल. पंप परत आला होता. नळीला वाळलेला चिखल होता.

"क्लबात मी आता येत नाही," ऑर्विल म्हणाला. "तेवढं एक बघ. मोडवाला बादली न्यायला या वर्षी लवकर येऊन गेलाय. पैसे दिले का ते विचार."

"कसली बादली?"

"अगं, लहान भोकाची. पंचेचाळीसच्या पुंगळ्या दोन जातीच्या येतात ना. जुन्या, मोठ्या भोकाच्या, त्या आम्ही भरतो. हल्ली काही कंपन्या लहान भोकाच्या करतात, त्यांत आमची टोपी जात नाही. त्या वेचून मी बादलीत टाकतो, मोडीत जायला. ख्रिसमसच्या आधी बादली गच्च भरली होती. त्या शनिवारी बघितली तर बूड दिसत होतं."

मोडवाला मे महिन्याखेरीज येत नाही. त्याची पोच सही करून घेणारी आर्डिसच होती. ती ट्रकमध्ये बसली, किल्ली फिरवायची विसरून गेली, आणि काच धुक्याने भरेपर्यंत तशीच बसून राहिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळे टोपीकडे बघत होते. बघायला हवं होतं पुंगळीकडे.

५

शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि गारठा असा की नाकातले केस कडकड वाजावेत. छपराखाली नेमबाजांची रांग लागली. शेगडी कुणी वेळेवर पेटवली नव्हती, म्हणून सगळे हात चोळत उभे होते. शेगडी कोण पेटवतं याची आठवण मात्र कुणी काढली नाही.

क्लेटन आला. बावीस वर्षांत त्याचा एक शनिवार चुकला नव्हता, तो आजही चुकणार नव्हता. रांगेत अगदी उजवीकडची टोकाची जागा त्याने घेतली, छप्पर संपतं आणि बर्फ सुरू होतो तिथली. आधी ताडपत्री अंथरली. कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

"आर्डिस, तुम्ही आज पिस्तूल नाही आणलंत?"

"गुण लिहायचेत. ऑर्विल नाही ना."

क्लेटनने पिस्तूल उचललं आणि तो झाडू लागला. छान झाडायचा तो, त्यात वाद नाही. पुंगळ्या उजवीकडे उडून ताडपत्रीवर पडत होत्या. आर्डिस कागदावर गुण लिहीत होती आणि मनात भलतंच मोजत होती. प्रत्येक धडाक्याला एक आवाज मागून यायला हवा, ताडपत्रीवर पितळ पडल्याचा. पन्नास धडाके झाले. आवाज एकोणपन्नास.

क्लेटन वाकून पुंगळ्या गोळा करू लागला. पिशवीत भरल्या, ताडपत्री झटकली, इकडेतिकडे बघितलं. बर्फ कोरा होता. त्याने ताडपत्रीची घडी घातली आणि लक्ष्य आणायला निघाला.

बर्फ कोरा नव्हता. ताडपत्रीच्या कडेपासून हातभर लांब, बोट जाईल एवढं एक गोल भोक होतं. पिस्तुलातून निघालेली पुंगळी तापलेली असते. ताज्या बर्फावर पडली की वितळवत आत जाते आणि वरून दिसेनाशी होते. टपाल टाकायला बर्फ तुडवण्यात हयात घालवलेल्या बाईला बर्फातलं भोक ओळखू येणार नाही तर कुणाला येणार.

आर्डिसने हातमोजा काढला, बोट आत घातलं, आणि पुंगळी मुठीत घेऊन कोटाच्या खिशात टाकली. ती बघायचा धीर तिला क्लबाच्या खिडकीशी आल्यावर झाला. पंचेचाळीसची पुंगळी. बुडाला लहान टोपी. टोपीभोवती निळं कडं, धुराने थोडं काळवंडलेलं.

६

मतदानाला दहा मिनिटं होती. आर्डिसने क्लेटनला मागच्या खोलीत बोलावलं, लोखंडी कपाटाजवळ, आणि दार लोटून घेतलं.

"बस, क्लेटन."

"उभा बरा आहे. लोक थांबलेत."

"त्यांनी आठ दिवस थांबवून ठेवलंय ऑर्विलला. दहा मिनिटं थांबतील." तिने स्टूल पुढे केलं. तो बसला नाही.

"तू म्हणालास, स्वतःला न चालणारी वस्तू माणूस विकायलाच चोरतो," आर्डिस म्हणाली. "तिथेच आम्ही सगळे फसलो. पण आठ दिवसांत एक निळी टोपी कुठे विकायला निघाली नाही. मर्लच्या कानावर आलं असतं. म्हणजे चोर वापरतोय. आणि चोर पंचेचाळीसवाला, कारण विटांत भरायला त्याच्या घरचा कचरा तेवढाच होता, मोठ्या टोप्यांचा."

"मग ऑर्विल—"

"ऑर्विल महिन्याला वीस झाडतो. मोजून. ऐक ना. पंचेचाळीसवाल्याला लहान टोपी वापरायची, तर लहान भोकाच्या पुंगळ्या हव्यात. त्या विकत घेताना कुणीतरी बघेल. पण इथे त्यांची बादली फुकट पडलेली, मोडीत जायला. ती ख्रिसमसनंतर रिकामी झाली. बादलीला हात कुणी लावला असेल? ज्याने बावीस वर्षं स्वतःच्या पुंगळ्याही वाकून उचलल्या नाहीत, आणि आता एकही मागे ठेवत नाही, तो."

क्लेटनचा जबडा हलला. "माझ्याकडे दहा वर्षांचा—"

"होता," आर्डिस म्हणाली. "एप्रिलात तू ऑर्विलचा पंप नेलास. ऑर्विलच्या पाटीवर आहे ते. एप्रिलात नदी चढली होती. तुझं तळघर नदीच्या अंगाला आहे. किती पाणी भरलं होतं, क्लेटन?"

तो स्टुलावर बसला.

"छातीइतकं," तो म्हणाला. "सगळं गेलं. टोप्या, दारू, पत्र्याचे डबे गंजून फुटले. वाळवून बघितल्या. दहातली एक पेटायची."

"मग सांगायचं होतंस. प्रत्येकाने मूठ मूठ दिली असती."

"मी सांगू? मी?" तो जमिनीकडे बघत हसला, वाईट हसला. "दोन वर्षं त्यांना विहिरीचं ऐकवतोय, आणि माझ्याच विहिरीत बुडलो म्हणून सांगू? मर्लच्या रांगेत उभा राहिलो चार वेळा. कुणी ओळखलं तर काय, म्हणून टोपी कपाळावर ओढायचो. शंभराने काय होतंय. वाटलं, आधी वरच्या तीनच विटा वाटल्या जातील, खालच्या दोन फेब्रुवारीपर्यंत कुणी उघडणार नाही, तोवर भाव उतरतील, भरून टाकू."

"पेटी उघडली तेव्हा?"

"तेव्हा तोंडातून चावीचं निघून गेलं. मी नाव घेतलं नव्हतं, आर्डिस. तुम्हीच म्हणालात, ऑर्विलकडे."

हे मात्र आर्डिसला जिथे लागायचं तिथे लागलं. ती म्हणाली नव्हती, पण नाही तरी कुठे म्हणाली होती.

"ऑर्विलला पुराचं ठाऊक होतं ना?"

"त्यानेच दोन रात्री उभं राहून पाणी उपसलं. मी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला बोलायचं नाही म्हणून." क्लेटनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला वाटलं होतं, आपल्या गळ्याशी आल्यावर तरी तो बोलेल. रोज वाट बघत होतो. नाही बोलला म्हातारा."

आर्डिसने खिशातून पुंगळी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली, निळं कडं वर.

"मी बोलू की तू बोलतोस?"

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. क्लेटन उठला, पुंगळी मुठीत धरली आणि दार उघडून गेला. तो काय म्हणाला ते आर्डिसने दारामागूनच ऐकलं. सरळ बोलला, काही लपवलं नाही. बादलीचंही सांगितलं, पुराचंही. शेवटी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला, त्यावर चोरीच्या उरलेल्या टोप्या ठेवलेल्या कपाटाची किल्ली ठेवली, आणि ताडपत्री तिथेच सोडून गाडीकडे चालत गेला.

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्यासारखं म्हणालं, "म्हणजे ऑर्विल सुटला. बरं झालं. मला वाटतच होतं."

"मलाही," दुसरा म्हणाला.

आर्डिसने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती कॉफीच्या यंत्राकडे गेली, ते पुढे ओढलं, आणि हातोडीचं नख लावून भिंतीतला खिळा उपटला. बराच आत गेलेला होता. निघता निघता वाकला.

७

ऑर्विल स्वयंपाकघरात त्याच जागी बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाच विचारलं, क्लेटन घरी नीट गेला का, आणि कुणीतरी रात्री त्याच्याकडे चक्कर मारायला हवी, असं म्हणाला.

"तुम्ही त्याच्यासाठी गप्प बसलात," आर्डिस म्हणाली. "आणि आम्ही स्वतःसाठी."

तिने टेबलावर कपाटाची चावी ठेवली. ऑर्विलने चावीकडे बघितलं, हात लावला नाही.

"डबा उघडलास ना त्या दिवशी?"

"हो."

"मोजल्यास?"

"मोजल्या." ती म्हणाली. "तुम्हाला चाळीस वर्षं ओळखते, ऑर्विल, आणि मी मोजल्या."

"मला वाटलं, निदान तू नाही मोजणार," तो म्हणाला. रागावून नाही, साधंच म्हणाला, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

आर्डिसने खिशात हात घातला आणि वाकडा खिळा चावीशेजारी ठेवला.

"हा मला सहा वर्षं ठाऊक होता. त्या शनिवारच्या आधीच्याच गुरुवारी मी चावी याच्यावरून घेतली होती. तेरा जणांत एकीने तेवढं बोलायचं होतं. नाही बोलले. भ्याले."

बाहेर छपरावरचा बर्फ घसरून धपकन खाली पडला. ऑर्विलने खिळा उचलला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी निरखला, जसा तो पुंगळी निरखायचा, चिरलीय की अजून एकदा भरता येईल ते बघायला.

"वाकलाय," तो म्हणाला.

"हो. काढताना."

तो उठला. गॅरेजमधून छोटी हातोडी आणि ऐरणीचा तुकडा घेऊन आला, खिळा त्यावर ठेवला आणि थरथरत्या हाताने हळूहळू ठोकू लागला. तीन घाव चुकले. आर्डिसने पुढे होऊन खिळा बोटांत धरला.

"बोट संभाळ," ऑर्विल म्हणाला, आणि पुढचा घाव घातला.